चकली, गोगलगाय आणि तारपा : आकृतिबंधांवरची पुस्तके वाचताना

जव्हार तालुक्यातील साखरशेत येथे गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका सुट्टीच्या दिवशी आम्ही पाच-सहा शिक्षक मुलांना घेऊन एका अंगणात बसलो होतो. सोबत चार चित्रे नेली होती. पहिले नॉटिलस या समुद्री प्राण्याच्या मधोमध कापलेल्या शंखाचे, दुसरे सूर्यफुलाचे, तिसरे दीर्घिकेचे आणि चौथे वारली चित्रातील तारपा नाचाचे. मध्यभागी तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेला हात घालून वेटोळे घेत गेलेली माणसांची रांग. चारही चित्रांत वळणे होती. "पाहा मुलांनो, सारी सृष्टी एकाच नियमाने चालते, आणि तो नियम तुमच्या आज्यांनाही ठाऊक होता," असे आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितले. मुले खूष झाली. घरच्या भिंतीवरचे चित्र दीर्घिकेच्या शेजारी लागलेले पाहून कोणाला बरे वाटणार नाही?

गडबड झाली ती पुढे. अंगणालगतच्या कुडाच्या भिंतीवर गेरूच्या सारवणावर तांदळाच्या पिठाने काढलेला तारपा नाच होता. सातवीतल्या एका मुलीने सुतळी घेतली आणि मधल्या तारपावाल्यापासून बाहेरच्या दिशेने धरून वेटोळ्यांमधली अंतरे बोटांनी मोजली. पहिल्या आणि दुसऱ्या वेटोळ्यात चार बोटे, दुसऱ्या आणि तिसऱ्यातही चारच बोटे. मग शेताच्या बांधावर सापडलेला गोगलगाईचा रिकामा शंख तिने पाहिला. त्याची वेटोळी बाहेर जावे तशी रुंद होत गेली होती. "गुरुजी, नियम एकच ना? मग हे वेगळे कसे?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

ते उत्तर आम्हाला परत पुस्तकांकडे घेऊन गेले. निसर्ग, कला आणि समाज यांतील आकृतिबंधांविषयी सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेली काही इंग्रजी पुस्तके आम्ही वर्षभर आपसांत फिरवून वाचली होती. फळ्यावरचे ते वाक्यही आम्ही अशाच वाचनातून उचलले होते. आता तीच पुस्तके त्या मुलीचा प्रश्न हाताशी धरून पुन्हा वाचली, तेव्हा ती आम्हाला निराळी दिसली. काही पुस्तकांनी प्रश्न सोडवला, काहींनी तो पडूच दिला नव्हता. शिक्षक वाचकांना उपयोग व्हावा म्हणून त्या वाचनाचा हा लेखाजोखा.

आधी मुलीच्या प्रश्नाचे उत्तर पाहू. ते आपल्या स्वयंपाकघरातच आहे. चकली घ्या. सोऱ्यातून येणारी पिठाची कांडी सगळीकडे सारख्याच जाडीची असते. ती स्वतःभोवती गुंडाळली की प्रत्येक वेटोळे आधीच्या वेटोळ्यापासून सारख्याच अंतरावर पडते. अंतरे १, २, ३, ४ अशी बेरजेने वाढतात. याला आर्किमिडीजचे सर्पिल म्हणतात. डास पळवण्यासाठी जाळायची हिरवी कुंडली आणि गुंडाळून ठेवलेला दोर हे त्याचेच नमुने होत. तारपा नाचातली माणसेही सारख्याच जाडीची! रांगेतला पहिला माणूस काय आणि शेवटचा काय, उभे राहायला जागा तेवढीच लागते. म्हणून भिंतीवरचे सर्पिल चकलीच्या जातीचे.

गोगलगाईचे तसे नाही. ती शंखाच्या तोंडापाशी नवा थर चढवीत जाते, आणि त्याच वेळी तिचे शरीरही मोठे होत असते. शरीर मोठे झाले तरी त्याचा आकार मात्र तोच राहतो. त्यामुळे प्रत्येक वेटोळे आधीच्या वेटोळ्याच्या ठरावीक पट रुंद होते. अंतरे १, २, ४, ८ अशी किंवा १, ३, ९, २७ अशी गुणाकाराने वाढतात. हे वाढीचे सर्पिल. स्विस गणिती याकोब बेर्नुली यांना ते इतके आवडले होते की आपल्या थडग्याच्या दगडावर ते कोरावे अशी त्यांची इच्छा होती. १७०५ साली त्यांचे निधन झाले. बाझेल शहरातल्या त्यांच्या स्मारकशिलेवर कारागिराने सर्पिल कोरले खरे, पण ते चकलीच्या जातीचे! दोन सर्पिलांत गल्लत करणारे आम्हीच पहिले नव्हतो, एवढाच यातून आमचा दिलासा.

दीर्घिकेचे कारण तर आणखीच निराळे. दीर्घिकेचे हात म्हणजे ताऱ्यांच्या घट्ट दोऱ्या असत्या, तर थोड्याच फेऱ्यांत त्या गुंडाळून एकमेकींत मिसळून गेल्या असत्या. १९६४ मध्ये लिन आणि शू या शास्त्रज्ञांनी असे मांडले की हे हात म्हणजे दाटीच्या लाटा आहेत. घाटात वाहनांची कोंडी होते, वाहने तिच्यातून पुढे निघून जातात, कोंडी मात्र राहते. तसे तारे या हातांतून जात असतात. सगळ्याच दीर्घिकांना हे एक स्पष्टीकरण पुरत नाही. पण एवढे नक्की की दीर्घिका गोगलगाईसारखी वाढत नाही आणि चकलीसारखी गुंडाळलीही जात नाही.

म्हणजे चित्रे चार आणि कारणे निरनिराळी. आकारातले साम्य हा प्रश्नाचा आरंभ असतो, उत्तर नव्हे. हीच कसोटी घेऊन आता एकेक पुस्तक पाहू.

या विषयावरचे आद्य पुस्तक म्हणजे डार्सी टॉमसन यांचे १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेले 'ऑन ग्रोथ अँड फॉर्म'. टॉमसन स्कॉटलंडमधील डंडी आणि सेंट अँड्र्यूज येथे शिकवणारे प्राणिशास्त्रज्ञ. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की सजीवांचा आकार समजून घ्यायचा तर त्यावर कोणती बले काम करतात ते पाहा. मधमाशीचे पोळे, हाडांची रचना, थेंबांचे आकार, शिंगांची वळणे अशी शेकडो उदाहरणे त्यांनी या दृष्टीने तपासली. आणि गंमत अशी की आम्हाला न सुचलेले उत्तर याच पुस्तकात होते. दोन सर्पिलांतला फरक सांगताना टॉमसन यांनी जहाजाच्या डेकवर दोर गुंडाळणाऱ्या खलाशाचे उदाहरण दिले आहे. खलाशाच्या जागी चकली ठेवली की झाले. पुढच्या अनेक लेखकांनी टॉमसन यांच्याकडून शंखांची चित्रे घेतली, पण हा दोर मात्र वाटेत कुठेतरी सोडून दिला.

टॉमसन यांच्या पुस्तकाला मर्यादाही आहेत. आनुवंशिकता आणि नैसर्गिक निवड यांना त्यांनी फारच थोडी जागा दिली. १९४२ ची वाढवलेली आवृत्ती अकराशे पानांच्या वर जाते. ती शाळेच्या धबडग्यात वाचून होणे कठीण. जॉन टायलर बॉनर यांनी १९६१ मध्ये केलेली संक्षिप्त आवृत्ती आपल्या कामाला पुरेशी आहे. शेवटच्या प्रकरणातली चित्रे मात्र मुलांना दाखवाच. आलेखाच्या चौकटीत एक मासा काढायचा, चौकट ठरावीक रीतीने ताणायची, की दुसऱ्याच जातीचा मासा तयार होतो. रबराच्या फुग्यावर चित्र काढून हा खेळ वर्गात करता येतो.

वास्तुशिल्पी पीटर स्टीव्हन्स यांचे 'पॅटर्न्स इन नेचर' (१९७४) हे दिसायला सर्वांत देखणे पुस्तक. जागेचे स्वतःचे काही निर्बंध असतात, म्हणून निसर्गात सर्पिल, नागमोडी वळणे, फांद्या फुटणे, १२० अंशांत मिळणाऱ्या तीन रेषा असे थोडेच नमुने पुन्हा पुन्हा दिसतात, हा त्यांचा मुख्य मुद्दा. मुद्दा मोलाचा आहे. मात्र वाचकाने इथे थोडे सावध असावे. सारख्या दिसणाऱ्या गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या की त्या एकाच कारणाने घडल्या असे डोळ्यांना आपोआप वाटू लागते.

भात कापल्यावर खाचरात चिखल वाळतो आणि भेगा पडतात. त्या आपल्या मुलांनी रोज पाहिलेल्या असतात. पण बारकाईने पाहायला सांगा. ताज्या भेगा बहुधा १२० अंशांत मिळत नाहीत. नवी भेग जुन्या भेगेला काटकोनात येऊन थडकते. कारण पहिली भेग पडली की तिच्या आडवा असलेला ताण मोकळा होतो, आणि उरलेला ताण तिच्या दिशेनेच ओढत असतो. तोच चिखल पुन्हा पुन्हा भिजला आणि वाळला तर मात्र भेगांचे कोन हळूहळू १२० अंशांकडे सरकतात. प्रयोगशाळेत हे २०१० मध्ये करून पाहिले गेले आहे. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट थंड होतानाही असेच काहीसे घडले. भेगा पृष्ठभागावरून आत सरकताना अधिकाधिक नीटनेटक्या होत गेल्या आणि काही ठिकाणी खडकाचे बहुकोनी खांब उभे राहिले. मुंबईत अंधेरी येथील गिल्बर्ट हिल हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. मधमाशीच्या पोळ्यातला षट्कोन निराळा. सारख्या क्षेत्रफळाच्या खणांनी जागा भरायची तर षट्कोनांना कमीत कमी भिंत लागते. हे जुने अनुमान थॉमस हेल्स यांनी १९९९ मध्ये सिद्ध केले. आणि बांबूच्या कामट्यांची उघडी षट्कोनी वीण पाहिलीत तर तिथे चौथीच गोष्ट आहे. तीन दिशांनी घातलेल्या कामट्या एकमेकींना सरकू देत नाहीत, म्हणून थोड्या बांबूत घट्ट टोपली होते. चारही ठिकाणी काटकसर आहे, हे स्टीव्हन्स यांचे म्हणणे खरे. पण ताण मोकळा होणे, मेण वाचवणे आणि कामटी अडकवणे या तीन वेगळ्या क्रिया आहेत, हे विसरून चालणार नाही.

यानंतर एक असे पुस्तक, ज्याविषयी आमचे मत प्रतिकूल आहे. ग्यॉर्गी डोक्झी यांचे 'द पॉवर ऑफ लिमिट्स' (१९८१). पाने, शंख, मातीची भांडी, देवळे या साऱ्यांवर रेषा आखून लेखक सुवर्ण गुणोत्तर शोधतो आणि ते त्याला सगळीकडे सापडते. सुवर्ण गुणोत्तर म्हणजे सुमारे १.६१८. चित्रे सुंदर आहेत, लेखकाची तळमळ खरी आहे. पण जी चाळणी प्रत्येक दाणा आत घेते, तिला चाळणी कशी म्हणावी? आपले साधे पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असते. गुणोत्तर १.५६. पेन्सिल जरा जाड असली आणि मोजमाप कुठून घ्यायचे ते आपणच ठरवले, की तेही 'जवळजवळ सुवर्ण' होते. म्हणून टपाल खात्याने विश्वाचे रहस्य जाणले असे आपण म्हणणार का?

नॉटिलसच्या शंखाची कथाही अशीच. तो सुवर्ण सर्पिलाचा नमुना म्हणून असंख्य पुस्तकांत छापला जातो. सुवर्ण सर्पिल दर पाव फेऱ्यात १.६१८ पट वाढते, म्हणजे पूर्ण फेऱ्यात सुमारे ६.८५ पट. नॉटिलसचा शंख पूर्ण फेऱ्यात साधारण तिप्पट वाढतो. छापील चित्रावर पट्टी ठेवून कोणत्याही शाळेत हे तपासता येते. आम्ही ते तपासले नव्हते, ही आमची चूक. ग्रीसमधील पार्थेनॉन आणि अशा इतर दंतकथांची झाडाझडती मारिओ लिव्हिओ यांनी 'द गोल्डन रेशो' (२००२) या पुस्तकात घेतली आहे. डोक्झी यांचे पुस्तक वाचायचेच तर त्यावर उतारा म्हणून हे हाताशी ठेवावे.

पण मग सूर्यफूल आणि अननस यांचे काय? तिथे तर फिबोनाची श्रेणीतल्या संख्या (१, २, ३, ५, ८, १३, २१...) खरोखरच सापडतात. अननसाच्या डोळ्यांच्या तिरप्या रांगा मोजल्या तर बहुधा ८ आणि १३ येतात. येथे इयन स्ट्यूअर्ट यांचे 'नेचर्स नंबर्स' (१९९५) हे छोटेसे पुस्तक मदतीला येते. स्ट्यूअर्ट संख्या सांगून थांबत नाहीत. त्या का येतात हे सांगतात. वाढत्या टोकावर नवा कोंब जिथे सर्वांत मोकळी जागा असेल तिथे फुटतो. फ्रान्समध्ये दुआदी आणि कुदेर यांनी १९९२ मध्ये चुंबकीय द्रवाचे थेंब एकामागून एक सोडले. थेंब एकमेकांना दूर ढकलत होते. ते आपोआप सुमारे १३७.५ अंशांचा कोन राखून बसू लागले आणि सूर्यफुलासारख्या रांगा तयार झाल्या. ना बी, ना जनुक. नुसती दाटी आणि वेळ. सुवर्ण गुणोत्तराचा सन्मान राखून त्याच्यातले गूढ काढून टाकणारे यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

याला जोड म्हणून एक गोष्ट आम्ही वर्गात सांगतो. हीच श्रेणी आपल्याकडे फिबोनाचींच्या आधी छंदशास्त्रात आली. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. अमुक मात्रांची ओळ किती प्रकारे रचता येईल, हे विरहांक आणि पुढे बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्र यांनी मोजले. ओळीच्या शेवटी लघू असेल किंवा गुरू असेल, म्हणून मागच्या दोन संख्यांची बेरीज. कारण इतके स्वच्छ की पाचवीतल्या मुलालाही टाळ्या वाजवून पटते. अननसात आणि छंदात संख्या त्याच, कारणे दोन. फिबोनाचींच्या सशांची गोष्ट तर सगळीच पुस्तके सांगतात. शिक्षकाने ही दुसरी गोष्ट पदरची घालावी.

आणखी एक गोष्ट स्ट्यूअर्ट यांच्या पुस्तकानंतरची आहे. इंग्लंडमध्ये सामान्य लोकांनी वाढवलेल्या ६५७ सूर्यफुलांची मोजणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. बहुसंख्य फुलांत फिबोनाची संख्या होत्या, पण काहींत नव्हत्या. ही 'काही' फुले पुस्तकांत क्वचितच छापली जातात. वर्गात मात्र त्यांना पहिल्या बाकावर बसवले पाहिजे. नियम कुठे मोडतो हे पाहिल्याशिवाय तो का पाळला जातो हे कळत नाही.

आमच्या मते निसर्गाच्या आकृतिबंधांवरचे सर्वांत भरवशाचे लेखन फिलिप बॉल यांचे. 'द सेल्फ-मेड टेपेस्ट्री' (१९९९) आणि त्याचेच नव्याने लिहिलेले तीन भाग, 'शेप्स', 'फ्लो' आणि 'ब्रँचेस' (२००९). ॲलन ट्युरिंग यांनी १९५२ मध्ये मांडलेली कल्पना ते उलगडून सांगतात. एक द्रव्य स्वतःला वाढवते आणि हळू पसरते, दुसरे त्याला आवरते आणि वेगाने पसरते. दोघांच्या ओढाताणीतून एकसारख्या पृष्ठभागावर ठिपके किंवा पट्टे उमटतात. पण संगणकावर बिबट्यासारखे ठिपके उमटले म्हणजे बिबट्याच्या कातडीतही तेच घडते असे सिद्ध होत नाही, याचे भान बॉल सुटू देत नाहीत. ती द्रव्ये प्रत्यक्षात शोधावी लागतात. पुस्तक सोपे नाही, पण वाचकाला फसवत नाही.

आता कलेकडे वळू. येथे पुस्तकांची खरी परीक्षा होते, कारण शंखाला विचारता येत नाही, पण चित्र काढणाऱ्या बाईला विचारता येते. वारली चित्रकलेचे वर्णन 'वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन' या तीन शब्दांत करण्याची आता प्रथाच पडली आहे. वर्णन चूक नाही, पण अपुरे आहे. लग्नाच्या वेळी भिंतीवर सवाष्णी जो चौक लिहितात, त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते. तो चौक ही भूमितीची आकृती नव्हे; त्याशिवाय लग्न लागत नाही. यशोधरा दालमिया यांचे 'द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज' (१९८८) हे विज्ञानाचे पुस्तक नाही, पण आकृतिबंधांविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते आधी वाचावे. चित्र, विधी आणि माणसे यांना ते एकमेकांपासून तोडत नाही. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी विधीपुरती असलेली ही कला कागदावर आणि जगापुढे नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका परंपरेत एका माणसाच्या हातून केवढा बदल होतो, हे 'आदिम भूमिती' असा शिक्का मारला की दिसेनासे होते.

गणित आणि कला यांचा मेळ नीट घालणारे पुस्तक म्हणून आम्ही रॉन एग्लॅश यांचे 'आफ्रिकन फ्रॅक्टल्स' (१९९९) सुचवू. फ्रॅक्टल म्हणजे ज्याचा लहान भाग मोठ्या भागासारखाच दिसतो अशी आकृती. नेचाचे पान आठवा. एग्लॅश यांना आफ्रिकेतील वस्त्यांच्या रचनेत, विणकामात, केशरचनेत असे नमुने दिसले. पण ते तिथे थांबले नाहीत. त्यांनी करणाऱ्यांना विचारले. सहारालगतच्या कोरड्या प्रदेशात गवताचे वाऱ्याचे आडोसे विणतात. त्यांच्या पट्ट्या वर जावे तशा आखूड आणि दाट होत जातात. कारागिरांनी कारण सांगितले. खाली वारा कमी असतो, तिथे विरळ वीण चालते; वर वारा जोराचा, तिथे दाट वीण लागते, पण तिला गवत आणि श्रम जास्त पडतात. हा हिशेब आहे, आणि तो कारागिराच्या डोक्यातला आहे. कुठला नमुना जाणूनबुजून केलेला आणि कुठला नकळत झालेला, हा भेदही एग्लॅश करतात. आम्ही साखरशेतला हेच करायला हवे होते. नंतर ज्या आजींनी ती भिंत लिहिली होती त्यांना विचारले, तेव्हा त्या हसल्या. माणसे सारखी, मग जागा सारखीच सोडायची ना, अशा अर्थाचे त्या काही बोलल्या. आमचे अख्खे प्रकरण त्यांनी एका वाक्यात संपवले.

शेवटी समाज. फिलिप बॉल यांचेच 'क्रिटिकल मास' (२००४) या विषयावरचे गाजलेले पुस्तक. त्याला २००५ चा अ‍ॅव्हेंटिस पुरस्कार मिळाला. वाहनांची कोंडी, गर्दीतून चालणाऱ्यांच्या आपोआप होणाऱ्या रांगा, बाजारातले चढउतार यांत पदार्थविज्ञानासारखे नियम दिसतात, हे त्यात रंगवून सांगितले आहे. कोंडीचा भाग वर्गासाठी फार उपयोगी. जपानमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २३० मीटर घेराच्या गोल मार्गावर २२ गाड्या सारख्या वेगाने चालवायला सांगितल्या. कोणीही चुकले नाही, अपघात झाला नाही, तरी थोड्या वेळाने कोंडी झाली आणि ती लाटेसारखी मागे सरकू लागली. मैदानात वीस-बावीस मुलांना गोल फिरवून हे करून पाहता येते.

असे असले तरी समाजाच्या बाबतीत आम्हाला एक धोका दिसतो, आणि तो आमच्या रोजच्या कामातला आहे. जव्हार-मोखाड्यातला हजेरीपट घ्या आणि महिनेवार आलेख काढा. दिवाळीनंतर आलेख खाली येतो, पावसाच्या तोंडावर पुन्हा चढतो. दर वर्षी तीच लाट. पावसावरचे एकच पीक, नागली-वरई-भात हाताशी आले की गावात काम उरत नाही आणि कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. मुलेही त्यांच्याबरोबर जातात. आकृतिबंध इतका नियमित आहे की एखादा लेखक त्याला सहज 'स्थलांतराचा नियम' म्हणेल आणि शेजारी पक्ष्यांच्या थव्याचे चित्र छापील. चित्र सुंदर दिसेल. पण पक्ष्याला मजुरी ठरवता येत नाही आणि थव्याने कोणाकडून उचल घेतलेली नसते.

नियमितपणाला निसर्ग मानले की काय होते हे या तालुक्याने पाहिले आहे. पावसाळ्यात मुले दगावतात, असेच असते, ही समजूत इथे जुनीच होती. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणी येथील बालमृत्यूंची बातमी राज्यभर गेली, तेव्हा त्या 'असेच असते'मागे कुपोषण, रिकामी कोठारे आणि दूरचा दवाखाना आहे हे लोकांना मान्य करावे लागले. ही कारणे माणसांची होती, म्हणून बदलता येण्याजोगी होती. गोगलगाईला दुसऱ्या प्रकारे वाढता येत नाही. समाजाला येते. बॉल यांनाही हा फरक माहीत आहे आणि त्यांचे पुस्तक त्याबाबत सावधच आहे. पण त्यांच्या पाठोपाठ आलेल्या पुष्कळ लेखनात ही सावधगिरी उरलेली नाही. म्हणून समाजाच्या आकृतिबंधांवरचे कोणतेही पुस्तक वाचताना शिक्षकाने एक जादा प्रश्न विचारावा : हा नमुना कोणाच्या निर्णयाने बदलला असता?

सारांश असा. आकृतिबंधांवरचे पुस्तक हाती आले की तीन गोष्टी पाहाव्यात. लेखक केवळ साम्य दाखवतो की कारणही सांगतो? नियम कुठे लागू पडत नाही हे तो सांगतो का? आणि जिथे माणसे आहेत तिथे त्याने माणसांना विचारले आहे का? टॉमसन, स्ट्यूअर्ट आणि बॉल पहिल्या कसोटीला उतरतात. दुसऱ्या कसोटीला बॉल सर्वांत चांगले उतरतात. तिसरीला एग्लॅश आणि दालमिया. शाळेच्या तुटपुंज्या पैशात एकच पुस्तक घ्यायचे झाले तर स्ट्यूअर्ट यांचे घ्यावे. ते लहान आहे आणि शिक्षकाला सुट्टीत वाचून होते. दोन घेता आली तर दुसरे एग्लॅश यांचे.

आणि एक पुस्तक आम्हाला हवे आहे, जे या यादीत नाही. खाचरातल्या भेगा, टोपलीची वीण, चौकाची किनार, तारप्याची रांग आणि हजेरीपटाचा आलेख यांपासून सुरू होणारे, मुलांना पट्टी आणि सुतळी हाती घ्यायला लावणारे मराठी पुस्तक. त्याची सामग्री आपल्या प्रत्येक गावात पडून आहे. आपण आपापल्या वर्गातली मोजमापे टिपून ठेवायला लागलो तर ते कधीतरी लिहून होईल. पहिल्या पानावर काय असावे, याविषयी आमच्या मनात शंका नाही : एका बाजूला चकली, दुसऱ्या बाजूला गोगलगाय, आणि खाली त्या मुलीचा प्रश्न.